शेवटचा घास

जानेवारी २०२२. करोनाची तिसरी लाट होती, कंपनीनं पुन्हा घरून काम करायला सांगितलं होतं आणि मी पारनेरला माडीवरच्या खोलीत, रेंज बरी मिळते म्हणून खिडकीला टेबल लावून बसलो होतो. त्या आठवड्यात माझ्या फोनवरचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप एकाच बातमीवरून तापले. दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी २९ जानेवारीला ‘बीटिंग रिट्रीट’ होतं. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची ती सांगता. तिथे १९५० पासून वाजत आलेली ‘अबाइड विथ मी’ ही धून त्या वर्षी कार्यक्रमातून गेली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून आली.

पहिला ग्रुप चर्चच्या तरुण संघाचा. तिथे रडके इमोजी आणि एकच सूर : आता आपलं एकही गाणं उरलं नाही. दुसरा इंजिनिअरिंगच्या मित्रांचा. तिथे उलटा सूर : बरं झालं, गुलामीची अजून एक खूण गेली. मी दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे काहीतरी टाइप केलं आणि दोन्हीकडे ते पुसून टाकलं.

गप्प बसण्याचं कारण खाली बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. आजीच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या बाबांच्या मामांचा, गणवेशातला कृष्णधवल फोटो. पायदळात होते. १९७१ च्या युद्धात गेले तेव्हा बावीस वर्षांचे. देह घरी आला नाही. तेव्हा तशी पद्धत नव्हती, अंत्यसंस्कार बहुधा आघाडीजवळच उरकले जायचे. गावोगावी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या यायला लागल्या त्या १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्यामुळे आमच्या माणसाला कबर नाही, कबरीवरचं वचन नाही. आहे तो फोटो. आणि त्यांच्यासाठी कोणतं गाणं म्हणायचं, यावर माझे दोन ग्रुप भांडत होते.

भांडणाऱ्यांपैकी कुणीच ती गाणी नीट वाचलेली नव्हती. मीही नव्हती. मग वाचली. हा लेख त्या वाचनाचा आहे. त्या दोन रचनांच्या शेजारी मी तिसरी ठेवणार आहे. ती आमच्या नगरच्या कवीची आहे आणि तुमच्यापैकी अनेकांना ती शाळेपासून माहीत असेल.

संध्याकाळचं भजन

‘अबाइड विथ मी’ लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या मासेमारीच्या गावात पाळक होता. त्याला क्षय होता. १८४७ साली त्यानं हे भजन लिहिलं आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला तो आजच्या फ्रान्समधल्या नीसला वारला. आपण ऐकतो ती चाल विल्यम हेन्री मंकची, १८६१ ची. म्हणजे लेखकानं ती ऐकलेलीच नाही.

भजनाचं बीज लूकच्या शुभवर्तमानातल्या २४ व्या अध्यायात आहे. येशूला क्रुसावर मारल्याला तीन दिवस झालेत. दोन शिष्य खचलेल्या मनानं अम्माऊस गावाकडे चाललेत. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत होतो. गाव येतं, दिवस कलतो, तो पुढे निघू पाहतो, आणि हे दोघे त्याला आग्रह करतात की आता अंधार पडला, आमच्याकडेच थांब. तो थांबतो. जेवायला बसल्यावर भाकर मोडतो, आणि त्या मोडण्यावरून ते त्याला ओळखतात. ही भाकर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता भजनात काय नाही ते बघा. देश नाही, लढाई नाही. एक माणूस आहे. त्याच्यावर अंधार उतरतोय, बाकीचे आधार एकेक करून सुटतायत आणि तो देवाला फक्त जवळ थांबायला सांगतोय. बरं कर असं म्हणत नाही, वाचव असंही म्हणत नाही. सैनिकांशी काही संबंध नसलेलं हे गाणं सैनिकांनी आपलं का केलं, याचं उत्तर मला इथे सापडतं. भीती वाटते हे कबूल करायची मुभा त्यात आहे. युद्धगीतं ती मुभा देत नाहीत.

एक दाखला देतो. एडिथ कॅव्हेल ही इंग्रज परिचारिका पहिल्या महायुद्धात ब्रसेल्समध्ये होती. दोन्ही बाजूंच्या जखमींची ती शुश्रूषा करायची, आणि अडकलेल्या दोस्त सैनिकांना निसटायला मदत केली म्हणून जर्मनांनी तिला १२ ऑक्टोबर १९१५ ला गोळ्या घातल्या. आदल्या रात्री तिला भेटायला आलेल्या पाळकासोबत तिनं हेच भजन म्हटलं. गणवेशातला असो वा नसो, उद्या पहाटे मरणाऱ्या माणसाला त्यात जागा मिळते.

पण तरुण संघाच्या ग्रुपवर लिहिता आलं नाही ते इथे लिहितो. हे भजन ‘आपलं’ होतं हे अर्धंच खरं आहे. ते इंग्रजांच्या लष्करी बँडसोबत आलं. ते गांधीजींना प्रिय होतं हे खरं, पण माझ्या आजीला ते येत नाही. तिची भजनं मराठी आहेत, अभंगाच्या आणि ओवीच्या चालीची, पेटी-तबल्यावर म्हणायची. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, ‘ज्ञानोदय’ तिथेच १८४२ ला सुरू झालं, आणि या दोनशे वर्षांत आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसानं आपलं रडणं मराठीत करायला शिकून घेतलं. शिवाय विजय चौकात ती धून वाजायची शब्दांविना. बँड आणि लांबून उत्तर देणाऱ्या घंटा. मावळतीचा उजेड, नॉर्थ आणि साउथ ब्लॉकच्या कठड्यावर उभे उंटस्वार. समोरच्या बहुसंख्य लोकांना शब्द माहीतच नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचत होती ती संध्याकाळ. त्यामुळे धून गेल्याचं मला वाईट वाटलं ते ‘आमचं’ गाणं गेलं म्हणून नाही. भ्यालेल्या माणसाची एक जागा त्या सोहळ्यातून गेली, म्हणून.

पुणतांब्याची चाल

इंजिनिअरिंगच्या ग्रुपवरही एक गोष्ट लिहायची राहिली. जे गाणं आलं तेही काही परकं नव्हतं. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ला चाल देणारे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, आमच्याच नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शब्द कवी प्रदीप यांचे. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी ते गायलं, समोर पंडित नेहरू होते. चीनशी झालेल्या युद्धातला पराभव जेमतेम दोन महिन्यांचा होता.

या गाण्याचा मोठेपणा त्या तारखेत आहे. जिंकल्यावर सैनिकांची गाणी सगळेच रचतात. हे हरल्यावरचं गाणं आहे. सुरुवातच टोकणारी आहे : घोषणा द्या, झेंडा फडकवा, पण सीमेवर मेलेल्यांना विसरू नका. आम्ही इकडे दिवाळी साजरी करत होतो तेव्हा तिकडे रक्ताचा सण चालू होता, ही लाज त्यात उघड आहे. वेगवेगळ्या जातीजमातींची आणि प्रांतांची नावं घेऊन ते सांगतं की मेला तो प्रत्येक जण भारतीय होता. १५ ऑगस्टला पारनेरच्या चौकात लाउडस्पीकरवर ते लागतं तेव्हा त्या यादीत माझं घर आहे का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आहेच.

तरी नीट ऐकल्यावर एक गोष्ट खुपते. गाण्याच्या सुरुवातीलाच ‘घर’ हा शब्द येतो. जे परत घरी आले नाहीत, त्यांची आठवण काढा, अशा अर्थाने. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं ते त्या शब्दानं. पण त्यानंतर पूर्ण गाण्यात आपण त्या घरात जातच नाही. कॅमेरा सीमेवरच राहतो. सैनिक रक्तबंबाळ अवस्थेत बंदूक उचलतो, एकटा दहादहांना मारतो, कोसळतो, आणि मरताना बोलतो तेही देशवासीयांशी : आम्ही चाललो, तुम्ही सुखात राहा. आईचं नाव नाही, बायकोचं नाही, पोराचं नाही. भीती तर नाहीच.

हे गाण्याचं अपयश नाही. ते सभेसाठी लिहिलं होतं, हजारो लोकांना एकदम रडवायचं होतं आणि ते त्यानं केलं. पण सभेतल्या गाण्यात सैनिकाला सभेशीच बोलावं लागतं. त्याचं खासगी मरण आपण आपल्याकडे वळवून घेतो. लाइटच्या भजनात मरणारा बोलतो देवाशी, प्रदीपजींच्या गीतात बोलतो देशाशी. दोन्हीकडे तो घरच्यांशी बोलत नाही. आजीच्या भिंतीवरचा फोटो दोन्ही गाण्यांच्या बाहेर राहतो.

शहीद म्हणजे साक्षीदार

दर ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या जवळच्या रविवारी, आम्ही जातो त्या उपासनेत एक उपदेश ठरलेला असतो. योहानाच्या शुभवर्तमानातला १५ वा अध्याय, १३ वं वचन : मित्रांसाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही, अशा अर्थाचं. जगभरच्या युद्धस्मारकांवर हे वचन कोरलेलं आहे. उपदेशक म्हणतात, ख्रिस्तानं आपल्यासाठी प्राण दिला, तसाच जवानानं दिला. मान डोलतात. एका वर्षी घरी येताना आजी मला म्हणाली, “त्याला कशाला क्रुसावर चढवतात रे? पोरगा होता तो.”

त्या एका वाक्यानं मला जितका अभ्यास करायला लावला तितका कुठल्या प्राध्यापकानं नाही.

आधी शब्द बघू. ‘हुतात्मा’मध्ये यज्ञ आहे, आहुती आहे. ‘शहीद’ अरबी, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. इंग्रजीत ज्याला ‘मार्टर’ म्हणतात त्याचं मूळ ग्रीकमध्ये, आणि तिथेही अर्थ साक्षीदारच. मराठी चर्चमध्ये ‘साक्ष देणं’ हा रोजचा शब्द आहे. देवानं माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. म्हणून सैनिकाला शहीद म्हणताना ख्रिस्ती माणसानं थोडं थांबावं : याच्या मरणानं नेमकी कशाची साक्ष दिली? आपलं सरकारही हा शब्द अधिकृतपणे वापरत नाही. लढाईत मेलेल्या सैनिकाची नोंद ‘शहीद’ म्हणून होत नाही, हे संसदेत अनेकदा सांगितलं गेलं आहे.

ख्रिस्ती इतिहासात हा वाद एका सम्राटानं उघडपणे काढला होता. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकास यानं मागणी केली की युद्धात मरणाऱ्या सैनिकांना चर्चनं रक्तसाक्षी घोषित करावं. कुलगुरू पॉलिउक्टस आणि त्याच्या धर्माध्यक्षांनी नकार दिला. आधार घेतला चौथ्या शतकातल्या संत बेसिलचा. युद्धात ज्यांच्या हातून माणूस मेला त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजन घेऊ नये, असा त्याचा सल्ला होता. बेसिल सैनिकाला खुनी म्हणत नव्हता. पण ज्याच्या हाताला रक्त लागलं त्याला वेळ द्या, असं म्हणत होता. चर्चनं दरवेळी इतका शहाणपणा दाखवला असं मुळीच नाही. १०९५ साली पोप दुसरा अर्बन यानं धर्मयुद्धाला निघणाऱ्यांना प्रायश्चित्तातून सूट जाहीर केली, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

योहानाचं ते वचनही त्याच्या जागेवर नेऊन वाचायला हवं. येशू ते बोलतो ती रात्र त्याला धरून नेण्याची आहे. काही तासांत त्याचा एक शिष्य तलवार काढणार आहे आणि येशू त्याला ती म्यान करायला सांगणार आहे. म्हणजे ते वचन बोलणारा माणूस कुणालाही न मारता मरायला निघालाय. त्याच्या तोंडचे शब्द युद्धस्मारकावर कोरताना आपण सैनिकाचा सन्मान करतोच. पण त्याला जे करायला पाठवलं होतं त्यातला अर्धा भाग, मारण्याचा, हळूच पुसून टाकतो. मग त्या आठवणीचं ओझं घेऊन परत आलेल्या सैनिकाला आपल्या कौतुकात जागा उरत नाही. आजीला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. तिला तिचा भाऊ माहीत होता. तो खोडकर होता, विहिरीत उडी मारायला घाबरायचा आणि नोकरी हवी म्हणून भरती झाला होता. त्याला ख्रिस्त केलं की तो पोरगा नाहीसा होतो.

हे फक्त चर्च करतं असंही नाही. आपल्याकडे जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ असतात. तो एक मजकूरच आहे, खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई, बाजूला गायी असतील तर समजायचं की गोधन वाचवताना गेला. मधे अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती. कथा किती चटकन वर जाते बघा. तीन चौकटींत माणूस स्वर्गात. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. गावाला तो कोण होता हे माहीत होतं, म्हणून कोरायची गरज वाटली नसेल. मग गावही विसरलं. शेंदूर मात्र लागत राहिला.

दगडाला किती अक्षरं

पुण्यात नोकरीला असताना एका रविवारी मी खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. सगळे दगड एका मापाचे. ही स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाचं तत्त्व असं की अधिकारी आणि शिपाई, वंश आणि धर्म यात भेद करायचा नाही. पहिल्या महायुद्धानंतर कुटुंबांना दगडाच्या पायथ्याशी स्वतःचा मजकूर निवडता यायचा, कमाल ६६ अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मोकळी जागा हेही एक अक्षर असतं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. जगातल्या सगळ्यात जड मजकुराला सगळ्यात कडक मर्यादा.

तत्त्व चांगलं होतं. पाळलं किती, ते त्याच आयोगानं नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये सांगितलं. पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावानं नोंद झाली नाही, किंवा स्मरणच झालं नाही. यात बहुतेक पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तमधले. एकीकडे ६६ अक्षरं, दुसरीकडे शून्य.

आणि अक्षरं मिळाली तरी ती कुणाची? एडिथ कॅव्हेलकडे परत जाऊ. १९२० साली लंडनमध्ये तिचं स्मारक झालं. त्यावर राजा आणि देश यांचा जयघोष कोरला. पण मरणाच्या आदल्या रात्री ती त्या पाळकाला जे म्हणाली होती ते अगदी वेगळं होतं : नुसतं देशप्रेम पुरेसं नाही, माझ्या मनात कुणाविषयी द्वेष किंवा कडवटपणा असता कामा नये. हे शब्द स्मारकावर यायला चार वर्षं लागली. १९२४ मध्ये ते खाली जोडले गेले. आज दोन्ही मजकूर एकाच दगडावर आहेत. राष्ट्राला जे म्हणायचं होतं ते, आणि मेलेल्या बाईला जे म्हणायचं होतं ते. एवढं प्रामाणिक दुसरं स्मारक मला माहीत नाही.

टिळकांची पक्षीण

आता तिसरी रचना. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढच्या आयुष्याचा मोठा काळ नगरला राहिले. आजी म्हणते ती बरीच भजनं त्यांची. पण मला इथे त्यांचं भजन नको आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ ही शाळेत अनेक पिढ्यांनी पाठ केलेली कविता हवी आहे. शाळेत आपल्याला तिचा विषय ‘भूतदया’ असा शिकवतात आणि दोन गुण देतात.

माणसानं घायाळ केलेली एक पक्षीण. रक्त गळतंय, डोळ्यांवर झापड येतेय, वाट चुकतेय, तरी पडत-उठत ती घरट्याशी पोचते. पिलांना सांगते की आता फार बोलवत नाही, हा शेवटचा घास आणलाय, तो भरवते. आणि यापुढे तुम्हा अनाथांना देव बाप म्हणून सांभाळील. ज्यांना सकाळी गाऊन रिझवलं त्यांनीच मारलं, याचं आश्चर्य आणि दुःख ती बोलून दाखवते. पण सूडाची भाषा नाही. शेवटी कवी तिला स्वर्गात नेत नाही. मातीत पडलेलं पाखराचं शरीर जसं दिसतं तसं दाखवतो आणि थांबतो.

ही सैनिकावरची कविता नाही, हे मला कळतं. पक्षिणीनं कुणावर शस्त्र उचललेलं नाही. तरी मरणाऱ्याच्या मनात काय असतं, या प्रश्नाचं उत्तर मला वाचलेल्या तीन रचनांपैकी इथेच मिळालं. लाइटचा माणूस वर बघतो, प्रदीपजींचा सैनिक सभेकडे बघतो. टिळकांची पक्षीण घरट्याकडे बघते. ज्या घरात ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आपल्याला नेत नाही, तिथे ही कविता नेते. आणि देवाचं नाव येतं तेही स्वतःच्या मोक्षासाठी नाही. पिलांच्या पोटासाठी येतं.

घास या शब्दापाशी मला अम्माऊसची भाकर आठवते, आणि तिच्या तीन दिवस आधीचं जेवण. पकडलं जाण्याच्या रात्री येशूनं आपली आठवण कशी ठेवायची ते शिष्यांना सांगून ठेवलं होतं. त्यानं दगड सांगितला नाही, पुतळा सांगितला नाही. भाकर मोडून वाटून खा, असं सांगितलं. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो. ख्रिस्ती स्मरणाचा आकार हा आहे : जेवणाचं ताट आणि त्याभोवती बसलेली माणसं. टिळकांची पक्षीण मला त्या मेजावरून उठून आल्यासारखी वाटते. आणि मेलेल्या सैनिकाबद्दल ख्रिस्ती माणसाला वेगळं काही म्हणायचं असेल तर ते इथून सुरू होतं असं मला वाटतं. त्याला देव करू नका, क्रुसावर चढवू नका. त्याचा घास अर्धवट राहिलाय, तो पुढे पोचवा.

हे बोलायला सोपं आहे, म्हणून एक कोरडी नोंद सांगतो. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता सैनिकाच्या विधवेनं पुनर्विवाह केला तर बंद व्हायचा. अपवाद एकच, लग्न दिराशी केलं तर. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली गेली. म्हणजे कित्येक वर्षं आपण चौकाचौकांत ते गाणं लावून डोळे पुसत होतो, आणि ‘वीरनारी’नं कुणाशी लग्न केलं तर तिचा घास चालू राहील हे एक कलम ठरवत होतं. रडण्यात खोटं काही नव्हतं. रडून झाल्यावर कुणी घरट्याकडे बघितलं नव्हतं.

जगून परत आलेल्याचाही प्रश्न आहे, आणि आमच्या तालुक्याला तो ओळखीचा आहे. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात सोबतचे जवान गेले आणि आपण वाचलो, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. त्यांच्या पुढच्या आंदोलनांबद्दल तुमचं मत काहीही असो. वाचलेल्या माणसाला ‘मीच का राहिलो’ हा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर त्यानं गावात येऊन पाणी अडवण्यात शोधलं. सोबत्यांचं स्मारक असंही होऊ शकतं. बंधाऱ्यावर नाव कोरलेलं नसतं, विहिरीला पाणी असतं.

नाव शोधताना

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. त्याच्या ‘त्याग चक्रा’त स्वातंत्र्यानंतर गेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. संकेतस्थळावर नाव शोधताही येतं. वीरगळावर नाव नव्हतं, पहिल्या महायुद्धाच्या कबरींवर ६६ अक्षरं होती, इथे सर्च बॉक्स आहे. माझ्यासारख्याला हे बरं वाटतं. शून्यापेक्षा नाव केव्हाही चांगलं.

मी आजीला शेजारी बसवून तिच्या भावाचं नाव टाकलं. मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग पलटणीतल्या कारकुनानं कसं केलं असेल, याचे चार-पाच प्रयोग केले. पाचव्याला सापडलं. वर्ष बरोबर, युनिट बरोबर. मोठं करून दाखवलं. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “हे त्याचं कागदावरचं नाव. आम्ही त्याला असं कधी हाक मारली नाही.” मग हाक मारायचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

आजीची आठवण काढायची रीत मी लहानपणापासून बघत आलोय, तिचा अर्थ मात्र मला आत्ता लागतोय. नाताळाचा फराळ झाला की पहिला डबा भरायचा तो राहुरीला. तिथे भावाची बायको राहते. भाऊ गेला तेव्हा तिच्या पदरात आठ महिन्यांची मुलगी होती. ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, तिला नातू झालाय, आणि डब्याची तशी गरज कुणालाच उरलेली नाही. तरी डबा जातो. आधी आजोबा एसटीनं नेऊन द्यायचे, मग बाबा, आता दोन वर्षं मी. करंज्या, शंकरपाळी, आणि वरच्या कप्प्यात तिखट शेव, कारण त्याला गोड आवडायचं नाही.

त्या दोन ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. दरवर्षी २९ जानेवारीला कुणीतरी तो वाद पुन्हा उकरतं. मला दोन्ही गाणी आवडतात आणि दोन्ही धुना त्या संध्याकाळी वाजल्या असत्या तरी बिघडलं नसतं, असं मला वाटतं. गेल्या नाताळात राहुरीला डबा दिला तेव्हा म्हातारीनं झाकण उघडून आधी वरचा कप्पा बघितला. शेव आहे ना, एवढंच. मग आतून ताट आणलं आणि मला म्हणाली, “बस, खाऊन जा.”